बाराशे रुपयांचा चेक

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या नावाने एकदा पुण्याहून चेक आला. रक्कम १,२०० रुपये. त्यांनी आपला एक पेशंट एमआरआयसाठी पुण्यातल्या एका तपासणी केंद्रात पाठवला होता. पेशंटची तपासणी झाली, त्याने पैसे भरले, रिपोर्ट घेतला. त्यानंतर केंद्राने, न मागता, पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांचा वाटा त्यांच्या पत्त्यावर रवाना केला. २०१२-१३ च्या सुमाराची ही गोष्ट.

असा वाटा मिळणं यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते चेकचं. हा व्यवहार सहसा पाकिटातून होतो. महिनाअखेरीला किंवा पंधरवड्याला केंद्राचा माणूस येतो, बाहेरच्या बाकावर बसतो, पेशंटची गर्दी ओसरली की आत जातो, यादी दाखवतो आणि पाकीट टेबलावर ठेवून निघतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर 'पीआरओ' लिहिलेलं असतं. पावती नाही, सही नाही. चेकचं तसं नसतं. त्यावर देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं, तारीख असते. पुण्याच्या केंद्राने पुरावा स्वतःच्या हाताने लिहून, पाकिटात घालून, तिकीट लावून पाठवला होता. आणि तोही बावस्करांना.

बावस्करांचं नाव कोकणात विंचवाशी जोडलेलं आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून आले तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. एरवी रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध यावर चालतं, हे त्यांनी तिथे राहून, पेशंटच्या उशाशी रात्री काढून दाखवलं. त्यांचे निबंध 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून, कष्टाची कामं करत शिकलेला हा माणूस. 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात त्यांनी ते सगळं सांगितलं आहे. असा माणूस बाराशे रुपयांचा चेक मुकाट्याने बँकेत भरेल, असं केंद्रातल्या कुणाला वाटलं असेल तर तो हिशेब चुकला. त्यांनी चेक वटवला नाही. तो पुरावा म्हणून जोडून डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या वैद्यक परिषदेकडे तक्रार केली.

या व्यवहाराला महाराष्ट्रात 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. शब्द इंग्रजीच, पण मराठी कानाला त्यात कारस्थानही ऐकू येतं. (मिसळीवरच्या कटाचा संबंध नाही, तो बिचारा निर्मळ आहे.) डॉक्टर मंडळी आपसात नुसतं 'कट' म्हणतात. "तो कट घेत नाही" हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून दोन्ही सुरांत ऐकलं आहे, आदराने आणि कीव केल्यासारखंही.

एका डॉक्टरने दुसऱ्याकडे पेशंट पाठवणं हा वैद्यकाचा प्राण आहे. फॅमिली डॉक्टर छातीला नळी लावतो, कपाळाला आठी घालतो, लेटरहेडवर चार ओळी खरडतो आणि म्हणतो, "यांना दाखवून या." ती चिठ्ठी घेऊन माणूस मुंबई-पुण्याला जातो. त्या चार ओळींवर त्याचा जितका विश्वास असतो तितका सातबाऱ्यावरही नसतो. कटाचा घाव नेमका या चिठ्ठीवर पडतो. चिठ्ठीवर सर्जनचं नाव आहे, ते त्याचा हात चांगला म्हणून की त्याचं पाकीट जाड म्हणून, हे पेशंटला कळायला मार्ग नसतो. पैसे मात्र पेशंटच्याच खिशातून जातात. शिवाय कट द्यावा लागतो म्हणून दर वाढवावा लागतो, आणि दर वसूल व्हावा म्हणून तपासण्या वाढवाव्या लागतात. पॅथॉलॉजीत तर 'सिंक टेस्ट' असा शब्दच रूढ झाला. रक्त घ्यायचं, बेसिनमध्ये ओतायचं आणि 'नॉर्मल' असा रिपोर्ट छापायचा. कटापायी लिहिलेली तपासणी प्रत्यक्षात करण्याचीही गरज उरत नाही.

हे सगळं नियमात बसत होतं का? अजिबात नाही. भारतीय वैद्यक परिषदेची आचारसंहिता २००२ साली राजपत्रात आली. तिचं कलम ६.४ वाचलं तर त्यात पळवाट सापडणं कठीण. पेशंट पाठवण्याच्या, सुचवण्याच्या किंवा मिळवून देण्याच्या बदल्यात डॉक्टरने भेट, बक्षिसी, कमिशन, बोनस यातलं काहीही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, मागायचं नाही, देऊ करायचं नाही. फीची वाटणी करायची नाही, सरळ नाही आणि आडवळणानेही नाही. पुढच्या उपकलमात तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यांनाही हेच लागू केलं आहे. पुण्याचा तो चेक जणू हे कलम समोर ठेवून, उदाहरणादाखल लिहिला होता.

मग अडत कुठे होतं? नियम पाळला जातो की नाही हे बघायचं राज्याच्या वैद्यक परिषदेने, आणि परिषद निवडून द्यायची डॉक्टरांनी. मुंबईतल्या काही डॉक्टरांना हे फार आधी खुपलं होतं. १९९२ मध्ये महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या निवडणुकीत त्यांनी स्वतःचं पॅनेल उभं केलं. कटासारख्या गोष्टींवर परिषदेने खरोखर कारवाई करावी, एवढंच मागणं होतं. मतदान टपालाने होतं. मतपत्रिकांचे गठ्ठे कसे गोळा होतात, हे त्या निवडणुकीत त्यांनी जवळून पाहिलं. पॅनेल पडलं. पण ही मंडळी पांगली नाहीत. डॉ. सुनील पंड्या, डॉ. अमर जेसानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटी स्थापन केली आणि १९९३ पासून वैद्यकीय नीतीवर एक छोटं नियतकालिक सुरू केलं. ते आजही 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नावाने निघतं. पुढे बावस्करांनी आपली चेकची हकीकत लिहिली ती याच नियतकालिकात, २०१३ साली. वीस वर्षांपूर्वी मतपेटीत हरलेल्या लोकांचं व्यासपीठ त्यांच्या कामी आलं.

चेकनंतर वर्षभरात दुसरा कागद बाहेर आला. तो जास्त गुळगुळीत होता. २०१४ मध्ये मुंबईतल्या एका बड्या कॉर्पोरेट रुग्णालयाची डॉक्टरांसाठीची योजना वर्तमानपत्रांत गाजली. वर्षाला ४० पेशंट भरती झाले तर १ लाख रुपये, ५० झाले तर दीड लाख आणि ७५ झाले तर अडीच लाख. विमानप्रवासाचे मैल साठवतात तसे पेशंट साठवायचे. परिषदेने नोटीस काढली, रुग्णालयाने योजना गुंडाळली. या कागदाचा निलाजरेपणा मला अजून थक्क करतो. ज्याने तो टाइप केला, ज्याने वाचून मान हलवली, ज्याने छापला, त्यांतल्या एकालाही हे लपवण्यासारखं आहे असं वाटलं नाही.

त्याच वर्षी १० जानेवारीला दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं होतं की वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेचा अंमल डॉक्टरांवर चालतो, रुग्णालयांवर नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, परिषद डॉक्टरांची नोंदणी करते. पण त्यामुळे चित्र असं झालं की पाकीट घेणारा एकटा डॉक्टर नियमाच्या कक्षेत आणि पाकिटांची योजना आखणारी कंपनी कक्षेबाहेर. एखाद्या डॉक्टरची नोंदणी काही महिन्यांसाठी स्थगित करता येते. कंपनीची नोंदणी परिषदेकडे मुळातच नसते.

मे २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डेव्हिड बर्जर या डॉक्टरचा लेख आला. हिमालयाच्या पायथ्याशी एका धर्मादाय रुग्णालयात त्याने काही काळ काम केलं होतं. पेशंट पाठवण्याची दलाली भारतात किती सहज चालते आणि तिने डॉक्टर-पेशंट नातं कसं पोखरलं आहे, हे त्याने थेट लिहिलं. आपल्याकडे त्यावर बरीच खळबळ झाली. बावस्कर जे मराठीत आणि इंग्रजीत सांगत होते तेच बाहेरच्याने सांगितलं की कान टवकारतात, ही आपली जुनी खोड. पण एक चांगलं झालं, बोलणाऱ्यांची भीड चेपली. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावात वीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस केलेले डॉ. अरुण गद्रे तेव्हा गावोगावच्या डॉक्टरांशी बोलत फिरत होते. एकूण ७८ डॉक्टर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलले. डॉ. अभय शुक्ला यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं 'डिसेंटिंग डायग्नोसिस' २०१६ मध्ये आलं. त्यातल्या तक्रारींना एक समान सूर आहे. कट न घेणाऱ्या डॉक्टरला कुणी मारत नाही, धमकावत नाही. त्याच्याकडे पेशंट येणं फक्त हळूहळू थांबतं.

इथे थोडं अमेरिकेत डोकावून येतो, कारण 'आपल्याकडेच असं' म्हणणाऱ्यांना उत्तर तिथे आहे. तिथे याचं नाव 'फी स्प्लिटिंग'. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातला सर्जन ऑपरेशनच्या फीचा हिस्सा गावच्या डॉक्टरला गुपचूप पोचवत असे, आणि गावचा डॉक्टर जास्त हिस्सा देणाऱ्याकडे पेशंट धाडत असे. १९१३ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ही संस्था निघाली तेव्हा सदस्यांकडून असा छुपा व्यवहार न करण्याची शपथच घेतली जाऊ लागली. शपथेने जेवढं होतं तेवढं झालं. खरा फरक पडायला साठ वर्षं जावी लागली, आणि तो नीतीच्या उमाळ्याने पडला नाही. १९६५ मध्ये मेडिकेअरचा कायदा झाला, म्हाताऱ्या माणसांच्या उपचारांचं बिल सरकार भरू लागलं, आणि कमिशनचा पैसा आता सरकारी तिजोरीतून जातो हे लक्षात आलं. १९७२ मध्ये मेडिकेअरच्या पेशंटसाठी दलाली देणं-घेणं गुन्हा ठरला, १९७७ मध्ये शिक्षा कडक झाली. मग कॅलिफोर्नियाचे खासदार पीट स्टार्क यांनी पुढचं भोक बुजवलं. ज्या लॅबमध्ये डॉक्टरची स्वतःची भागीदारी आहे तिथे त्याने मेडिकेअरचे पेशंट पाठवायचे नाहीत, हेतू चांगला असला तरी नाहीत. हा कायदा १९८९ मध्ये मंजूर झाला, १९९२ पासून लागू झाला आणि नंतर लॅबपुरता न राहता इतर सेवांनाही लावला गेला.

त्या कायद्याखालची एक घटना बावस्करांच्या चेकशेजारी ठेवण्यासारखी आहे. साउथ कॅरोलायनातल्या सम्टर गावच्या टुओमी रुग्णालयाने डॉक्टरांशी असे करार केले होते की त्यांचा मोबदला रुग्णालयात होणाऱ्या कामाच्या प्रमाणात वाढावा. एका सर्जनने करारावर सही करायला नकार दिला आणि तो सरकारच्या वतीने कोर्टात गेला. २०१३ मध्ये रुग्णालयाला २३ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश झाला. २०१५ मध्ये तडजोड ७ कोटी २४ लाख डॉलरवर झाली. त्यातले १ कोटी ८१ लाख डॉलर त्या सर्जनला मिळाले, कारण सरकारी पैशाची गळती दाखवणाऱ्याला वसुलीत वाटा देण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. आपल्याकडे तक्रारदाराच्या वाट्याला सुनावणीच्या तारखा आणि समव्यावसायिकांचा अबोला येतो. उपचाराचा बराचसा खर्च माणूस आपल्या खिशातून करतो, उसने घेऊन, दागिने मोडून. लुटलं जातं ते एकेकट्या घराचं, आणि त्या घराला कमिशनचा पत्ताही नसतो.

भारतातही या दलालीकडे सरकारचं लक्ष गेलं ते तिजोरीच्या वाटेनेच. एका तपासणी केंद्राने डॉक्टरांना दिलेलं कमिशन आयकर विवरणपत्रात चक्क व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवलं आणि त्यावर करसवलत मागितली. प्रकरण पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेलं. २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं की आचारसंहितेत निषिद्ध ठरवलेला आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला हा खर्च वजावटीला पात्र नाही. म्हणजे वकील लावून, कागदपत्रं जोडून, लाचेची वजावट मिळावी म्हणून लढा दिला गेला होता. पुण्याच्या चेकमागचा सहजपणा आता समजायला हरकत नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईत तिसरा कागद लागला, तो रस्त्यावर. एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने मोठे फलक उभारले. मजकूर इंग्रजीत, अगदी मोजका: आमच्याकडे प्रामाणिक सल्ला मिळेल, डॉक्टरांना कमिशन मिळणार नाही. डॉ. रमाकांत पांडा यांच्या या रुग्णालयाने त्यात कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. पण इंडियन मेडिकल असोसिएशन चिडली. अशाने बाकी सगळे डॉक्टर कमिशन घेतात असा अर्थ निघतो, हा व्यवसायाचा अपमान आहे, फलक उतरवा, अशी मागणी झाली. आक्षेपात तथ्य होतं, अर्थ तसाच निघत होता. गंमत अशी की आक्षेपामुळेच तो घराघरांत पोचला. इतकी वर्षं डॉक्टरांच्या पार्ट्यांत बोललं जाणारं लोकांनी सिग्नलला थांबून वाचलं.

तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री गिरीश महाजन यांनी कटविरोधी कायदा करायचं जाहीर केलं आणि मसुद्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष म्हणून निवडले ते निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित, त्याआधी राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे प्रमुख. निवडीतच सूचना होती. आतापर्यंत हा विषय शिष्टाचाराचा होता, डॉक्टरांनी डॉक्टरांशी कसं वागावं याचा. आता तो तलाठ्याच्या लाचेच्या रांगेत आणून बसवला जात होता. मसुद्याच्या नावातच 'कट प्रॅक्टिस' हे शब्द होते, बोलीतला शब्द कायद्याच्या शीर्षकात. दोषी ठरल्यास तुरुंगवासाची तरतूद होती, आणि डॉक्टरांखेरीज रुग्णालयं, लॅब असे देणारेही कक्षेत घेतले होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने उघडी दाखवलेली फट बुजवण्याचा हा प्रयत्न होता.

विरोध झाला, तो सगळाच स्वार्थी नव्हता. परिषदेचा नियम असताना वेगळा फौजदारी कायदा कशाला, पोलिसांना दवाखान्यात शिरायला निमित्त कशाला, सूडबुद्धीच्या तक्रारींचं काय, असे प्रश्न विचारले गेले. शेवटचा प्रश्न खरा अवघड होता. दोन डॉक्टर मित्र आहेत, एक दुसऱ्याकडे नेहमी पेशंट पाठवतो, दिवाळीला मिठाई येते-जाते. यातली मैत्री कुठे संपते आणि दलाली कुठे सुरू होते? चेक नसेल तर सिद्ध कसं करायचं? आणि बावस्कर किती असतात?

मसुद्यावर चर्चा चालू असतानाच आयकर खात्याने उत्तराचा एक भाग दिला. नोव्हेंबरच्या अखेरीला बंगळुरूतल्या काही वंध्यत्व उपचार केंद्रांवर आणि तपासणी केंद्रांवर छापे पडले. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जे निवेदन काढलं त्यात दर सुद्धा दिले होते: एमआरआयमागे ३५ टक्के, सीटी स्कॅन आणि लॅबच्या तपासण्यांमागे २० टक्के. हिशेबात हा पैसा 'मार्केटिंग खर्च' म्हणून टाकलेला. काही ठिकाणी रोख रक्कम दर पंधरवड्याला पाकिटात घालून डॉक्टरांना पोचवली जात होती. शंभर कोटींच्या बेहिशेबी उत्पन्नाचा आकडा छापून आला. कटाचा दरपत्रक-वजा तपशील सरकारी शिक्क्यानिशी लोकांसमोर आला, तो पेशंटच्या कळवळ्याने नव्हे तर कराच्या ओढीने.

महाराष्ट्राचा मसुदा लोकांसमोर ठेवला गेला, सूचना मागवल्या गेल्या, अधिवेशनं आली आणि गेली. विधेयक मंजूर झालं नाही. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि पाठोपाठ कोविड आला. त्या दोन वर्षांत डॉक्टरांवर फौजदारी कायदा आणायची भाषा कोण करणार होतं?

दिल्लीत हालचाल होत राहिली. २०२० मध्ये जुनी वैद्यक परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. २०२२ च्या जानेवारीत बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली, अर्थातच विंचवासाठी. पुढच्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटींवरची करसवलत नाकारली आणि अशा भेटींचा भार शेवटी औषधाच्या किमतीतून पेशंटवरच पडतो, हेही नोंदवलं. २ ऑगस्ट २०२३ रोजी आयोगाने नवी आचारसंहिता अधिसूचित केली. जेनेरिक औषधांची सक्ती आणि कंपन्यांच्या पैशांवरच्या संमेलनांना मनाई यांवरून डॉक्टरांच्या संघटनांनी गदारोळ केला. २३ ऑगस्टला, एकवीस दिवसांनी, ती स्थगित झाली. जुनी २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली. कलम ६.४ तिच्यात होतं तिथेच आहे.